गुळाची अडचण

आमच्या वसाहतीतल्या गणेशोत्सव मंडळाची बैठक यंदा पावणेदोन तास चालली आणि त्यातला सव्वा तास एकट्या प्रसादाने खाल्ला. ठराव असा होता की दहाही दिवस प्रसादात पांढरी साखर वापरायची नाही. गूळ, खजूर, मध चालेल. मांडणारे म्हणाले, साखर म्हणजे पांढरं विष, ते देवापुढे कसं ठेवायचं? विरोधक म्हणाले, इंदूरमध्ये राहून जिलेबीला नावं ठेवायची म्हणजे राजवाड्यासमोर उभं राहून होळकरांना नावं ठेवायची. मागच्या रांगेतल्या एका काकांनी शंका काढली, "मग पंचामृताचं काय करणार? त्यात मधही आहे आणि साखरही. यंदापासून चारामृत का?" हशा झाला, चहा आला, साखरेचाच, आणि दोन मतांनी ठराव पास झाला. मी हात धड वर केला नाही, धड खालीही ठेवला नाही. डोकं खाजवल्यासारखं केलं. घरी येताना स्वतःचाच राग आला. दोन्ही बाजू भलत्याच प्रश्नावर भांडताहेत हे दिसत होतं, मग बोललो का नाही? ते आता लिहितो.

वाद काही आमच्या मंडळापुरता नाही. २०२५ च्या मे महिन्यात सीबीएसईने शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले: कोणत्या पदार्थात किती साखर असते आणि रोज किती चालते, हे मुलांच्या नजरेला पडेल असं लिहा. परिपत्रकातले आकडे झोप उडवणारे होते. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या कॅलरींपैकी १३ टक्के आणि अकरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या १५ टक्के साखरेतून येतात. असायला हव्यात ५ टक्के. जुलैत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांमध्ये तेल-साखरेचे फलक लावायला सुचवलं आणि बातमी अशी पसरली की समोसा-जिलेबीवर आता सिगारेटसारखा इशारा येणार. कुठल्याही पदार्थावर इशारा लावायला आम्ही सांगितलेलं नाही, असा खुलासा मंत्रालयाने लगोलग केला. पण तोवर आमच्याकडे व्हायचं ते होऊन गेलं होतं. ज्या शहरात दिवस उजाडताना एका भगोण्यात पोहे वाफेवर असतात, त्यांवर शेव आणि जिरावण मसाला पडतो, आणि शेजारच्या कढईत जिलेबी सुटत असते, त्या शहराच्या सकाळवरच कुणीतरी बोट ठेवलं होतं. एका गटाने जिलेबीसाठी तलवार उपसली. दुसऱ्याने साखरेचा डबा उचलून घरकामाच्या बाईंना देऊन टाकला. (विष होतं तर त्यांना कसं दिलंत, हे विचारायचा धीर मला झाला नाही.)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. साखर काढून तिथे गूळ किंवा मध घातला तर शरीराच्या हिशेबात जवळपास काहीही बदलत नाही. गूळ जरूर खावा, चवीसाठी खावा, ज्या पदार्थाला तो शोभतो त्यात खावा. औषध म्हणून खाऊ नये. जुन्या घरांत गुळाने जे भलं केलं ते त्यातल्या लोहाने किंवा कॅल्शियमने केलं नाही. ते गुळाच्या अडचणीने केलं. गूळ वापरायला त्रासाचा होता, म्हणून कमी वापरला जायचा. आणि आज 'नैसर्गिक' या नावाने जो बाजार उभा राहिलाय त्याने गुळातली नेमकी तीच एक गुणकारी गोष्ट काढून टाकली आहे.

आधी रसायनाचं उरकून घेऊ. साखर म्हणजे सुक्रोज, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची हातात हात घातलेली जोडी. पांढऱ्या साखरेत जवळजवळ तेवढंच असतं. गुळात सुक्रोज साधारण ६५ ते ८५ टक्के, वर थोडं आधीच सुटं झालेलं ग्लुकोज-फ्रुक्टोज, आणि उरलेलं पाणी, क्षार आणि रंग-वास देणारे पदार्थ. मधात तीच दोघं असतात, पण हात सोडून, आणि सोबत सतरा-अठरा टक्के पाणी. नारळाच्या साखरेतही सत्तर-ऐंशी टक्के सुक्रोजच. ब्राउन शुगर ही पुष्कळदा पांढऱ्या साखरेलाच मळी चोपडून केलेली असते. आधी अंघोळ घालायची, मग चिखल लावायचा आणि दर वाढवायचा. ग्रॅममागे साखर चार कॅलरी देते, गूळ पावणेचारच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मर्यादा घातली तेव्हा मध, पाक आणि फळांचा रस यांना साखरेच्याच रांगेत बसवलं: हे सगळं मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, जमलं तर ५ टक्क्यांच्या. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला सुमारे २५ ग्रॅम, सहा चमचे. रांगेत गुळासाठी वेगळी खिडकी नाही.

"पण गुळात लोह असतं!" असतंच. किती ते ऊस, माती आणि कढई यांवर ठरतं. सढळ हाताने शंभर ग्रॅमला दहा मिलिग्रॅम धरू. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे ते गुळातून भरून काढायचं तर रोज पावणेतीनशे-तीनशे ग्रॅम गूळ खायचा, अकराशे कॅलरींचा. ॲनिमिया जाईल की नाही माहीत नाही, बाकीचं सगळं नक्की येईल. बाळंतिणीला आळिवाचे लाडू देतात त्यात लोह आणतो तो आळीव; गूळ तिथे लाडू वळता यावा म्हणून असतो. शाबासकी मात्र वर्षानुवर्षं गूळच घेऊन जातो.

आता समोरच्या बाजूचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं, आणि ते थोडं नाही. पांढऱ्या साखरेत गोडव्यापलीकडे काही नसतं, गुळात थोडं का होईना असतं, हे खरं. अख्खा खजूर किंवा अंजीर खाल्लं तर साखरेबरोबर चोथा येतो, चावावं लागतं, पोट भरल्यासारखं होतं. म्हणूनच अख्ख्या फळातली साखर त्या सहा चमच्यांत मोजलेली नाही. त्याच खजुराचं सिरप केलं की ती मोजावी लागते. आपल्याकडचे बहुतेक कारखाने उसाचा रस चुन्याने आणि गंधकाच्या धुराने साफ करतात, हेही खरं. गुऱ्हाळाचा पैसा गावात राहतो. नरसिंहपूरच्या करेलीचा गूळ घ्या किंवा २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला कोल्हापूरचा घ्या, त्यामागे रात्रभर चुलाणापाशी जागणारा माणूस असतो. त्या माणसासाठी गूळ घेत असाल तर माझा नमस्कार. फक्त तसं म्हणा. पॅनक्रियासचं नाव पुढे करू नका.

रसायनांच्या मुद्द्यावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण इथे फसगत मोठी आहे. साखरेतल्या गंधकाला भिऊन माणूस सियागंजाच्या ठोक बाजारात जातो आणि गुळाच्या पाच-सहा ढेपांमधून कुठली उचलतो? सोन्यासारखी पिवळीधमक. तिच्या शेजारी काळपट तपकिरी, थोडी ओलसर, कोपरा झडलेली ढेप पडलेली असते, ती 'जुनी दिसते' म्हणून नको. अहो, रस आटवताना नुसत्या भेंडीच्या झाडाच्या चिकट रसाने मळ काढलेला गूळ काळपटच होतो. तो पिवळाधमक दिसावा म्हणून पुष्कळ ठिकाणी त्यात हायड्रॉस घालतात, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट. पुन्हा गंधकाचंच घराणं. साखरेच्या पांढऱ्या रंगाला भ्यालेला गिऱ्हाईक गुळाचा पिवळा रंग मागतो, म्हणून गुऱ्हाळवाला तो बनवून देतो. मधाची कथा याहून वाईट. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०२० मध्ये बाजारातल्या १३ ब्रँडचा मध तपासून घेतला तेव्हा जर्मनीतल्या कसून केलेल्या तपासणीत तीनच टिकले. बाकीच्यांवर साखरेचा पाक मिसळल्याचा ठपका आला. म्हणजे साखर टाळण्यासाठी चौपट पैसे मोजून लोक साखरेचाच पाक आणत होते. आणि मधाचा विषय निघालाच आहे तर: वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, गुटीतूनही नाही. बोट्युलिझम या विषबाधेचे जंतू मधात असू शकतात आणि तान्ह्याचं आतडं त्यांना थोपवू शकत नाही. नैसर्गिक ते निरुपद्रवी, या समजुतीला तेवढं एक उदाहरण पुरे.

मग कुणीतरी आयुर्वेद काढतं. काढावाच, पण उघडूनही पाहावा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात गुळाचं वर्णन आहे ते कृमी, मेद आणि मांस वाढवणारा म्हणून. आणि पुढे गुळापासून खांड, खांडेपासून शर्करा असं चढत जाताना म्हटलंय की जितकी निर्मळता अधिक तितका शीतपणा अधिक. म्हणजे आपण ज्या शुद्धीकरणाला शिव्या घालतोय त्याला चरकांच्या यादीत गुण मिळालेत. चरकांची शर्करा आणि आजच्या कारखान्यातली साखर एक नाही, हे मी धरून चालतो. पण मग चरकांच्या नावाने गुळाचं प्रशस्तिपत्रही काढता येणार नाही. तापवलेला मध घातक, असंही तिथेच सांगितलंय. आणि सकाळी कढत लिंबूपाण्यात मध घालणारी मंडळीच आयुर्वेदाचा दाखला सगळ्यात मोठ्याने देतात.

स्टेव्हिया या गोड पानाचं दोन ओळींत. ते पान पॅराग्वेकडचं, तिथले ग्वारानी लोक ते पिढ्यान्पिढ्या वापरत आले; कुंडीत लावून चहात टाकलंत तर हौस म्हणून ठीक. पुडीत मिळते ती पांढरी भुकटी मात्र पानातून काढून, शुद्ध करून, वर दुसरं काही मिसळून वजन वाढवलेली असते, आणि तरी पुडीवर हिरवं पान. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवायला असे साखरेतर गोडवे वापरू नका असं सुचवलं, त्यात स्टेव्हियाही आला.

आता इतिहासाकडे येतो, कारण साखरेला पर्याय शोधणारे आपण पहिले नाही. १७९१ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा प्रस्ताव फेटाळला, तेव्हा तिथल्या लाखो लोकांनी वेस्ट इंडीजची साखर घरात आणणं बंद केलं. मतदानाचा हक्क नसलेल्या बायकांच्या हातात तेवढंच होतं: चहात काय पडेल ते. पुढे १८२० च्या दशकात साखरेची अशी भांडी मिळू लागली ज्यांवर लिहिलेलं असे की ही साखर ईस्ट इंडियाची आहे, गुलामांनी पिकवलेली नाही. म्हणजे 'आमच्याकडे वेगळी वापरतात' हे पाहुण्याला दाखवायची सोय दोनशे वर्षं जुनी आहे. पण त्या बायकांचा तर्क पक्का होता. साखरेतला दोष ती कशी पिकते यात होता, म्हणून दुसरीकडे पिकलेली साखर आणली की दोष निदान काही अंशी टळत होता. आपल्या वादात दोष आहे किती खाल्ली जाते यात. तिथे दुसरीकडची आणून काय टळणार? जिथे चूक बनवण्यात असते तिथे पर्याय कामाला येतो. जिथे चूक मापात असते तिथे तो फक्त अंगरखा बदलतो.

आणि बनवण्यातली चूक म्हणाल तर ती आपल्याकडेही आहे, मात्र तिच्यावर गूळवाले बोलत नाहीत. बीड जिल्ह्यातून दरसाल ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी बायकांची गर्भाशयं काढलेली आहेत हे २०१९ मध्ये उजेडात आलं आणि महाराष्ट्र सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. ऊस कारखान्यात गेला काय आणि गुऱ्हाळात गेला काय, तोडणारा कोयता दोन्हीकडे चालतो. तिथे 'नैसर्गिक' हा शब्द कुणाला काही देत नाही.

दुसरा दाखला घरचाच. १९०५ च्या स्वदेशी चळवळीत परदेशी कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार होता. ती हाडांच्या कोळशाने साफ करतात, धर्म बुडतो, अशी बोलवा होती; तेव्हाही साखरेच्या पांढऱ्या रंगाचाच संशय. देशी साखर खा, हा त्या काळचा शहाणपणाचा सल्ला. पुढे १९३२ मध्ये संरक्षणाचा कायदा झाला, आयात साखरेवर भक्कम जकात बसली आणि देशात तीसेक कारखाने होते ते पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. १९५० मध्ये प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीतून शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना धडधडू लागला तेव्हा ती पांढरी साखर साऱ्या मुलखाच्या अभिमानाची गोष्ट होती. थोडक्यात, आज जिला विष म्हणताय ती एकेकाळी तुमच्याच आजोबांनी निवडलेला 'चांगला पर्याय' होती. आणखी पन्नास वर्षांनी कुणी गुळाच्या भुकटीबद्दल काय म्हणेल?

भुकटीवरून आठवलं. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी गूळ चिरायचं काम माझ्याकडे असायचं. मालव्यात भेली म्हणतात, आजी ढेप म्हणायची. सियागंजातून आली की ती फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात, आणि डबा पाणी घातलेल्या परातीत, मुंगळ्यांसाठी. पावसाळ्यात फडकं ओलं व्हायचं आणि परातीतलं पाणी तपकिरी. विळीवर बसून ढेप दोन्ही हातांनी पात्यावर दाबायची, तेव्हा कुठे चार पापुद्रे सुटायचे. थंडीत तेही नाही, मग बत्ता. हात चिकट, विळी चिकट, पाट चिकट. पाच माणसांच्या वरणाला पुरेल एवढा झाला की आजीच म्हणायची, "पुरे, बोट कापशील." त्या 'पुरे'मध्ये आहारशास्त्र नव्हतं. पण रोज कुणीतरी 'पुरे' म्हणत होतं, आणि ते म्हणायला गूळ भाग पाडत होता. गुळाचा चहा करायचा तर भांडं उतरवून मग गूळ घालायचा, नाहीतर दूध फाटायचं. म्हणून दुधाच्या चहात तो फारसा कुणी घालत नसे. त्याला स्वतःची चव, स्वतःचा रंग. जिथे जाईल तिथे 'मी आलोय' असं सांगून जाणार. साखरेसारखा तो टोमॅटो सॉसात, पावात, खाऱ्या बिस्किटात निमूटपणे बसून राहू शकत नाही.

साखरेचा खरा पराक्रम हाच निमूटपणा. ती पांढरी आहे म्हणून घातक नाही. ती कुठेही मिसळते, काही बोलत नाही, सांडली तर झाडता येते, चमच्यात मावते आणि कधीच कुणाला 'पुरे' म्हणायला लावत नाही. आणि मग मी परवा एका चकचकीत दुकानात पाहिलं ते काय? गुळाची भुकटी. फिकट, कोरडी, भुरभुरीत, चहात फाटणार नाही अशी हमी दिलेली, डब्यात चमच्यासकट. एक एक करून गुळाच्या सगळ्या खोडी काढल्या आहेत. तो गोरा केलाय, सुका केलाय, मवाळ केलाय. गुळाची साखर केली आहे, आणि साखरेपेक्षा तिप्पट दराने विकली आहे, कारण वर लिहिलंय: नैसर्गिक.

यावर सगळ्यात वजनदार उत्तर एका मैत्रिणीने दिलं होतं. ती म्हणाली, "माणूस कुठून तरी सुरुवात करतो. गुळावर आला की लेबल वाचायला लागतो, मग हळूहळू गोडच कमी करतो." हे काही जणांच्या बाबतीत होतं, मी पाहिलंय. पण उलटंही पाहिलंय, आणि ते माझ्याच घरात. थोरले काका मधुमेही. साखर सोडली आणि गुळावर आले. साखरेचा चहा दिवसातून दोनदा, तोही अर्धा कप, चोरून घेतल्यासारखा घ्यायचे. गुळाचा मात्र पाच वेळा, पूर्ण कप, चारचौघांत. जेवणानंतर गुळाचा खडा, 'पचनासाठी'. तीन महिन्यांनी एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारा आकडा, साडेसातवरून नऊच्या जवळ. काका चिडले ते लॅबवर. त्यांचं काय चुकलं? साखर खाताना त्यांना अपराधी वाटायचं, आणि तो अपराधच मोजमाप ठेवत होता. गुळाने तो धुऊन टाकला. देशात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे असं आयसीएमआरच्या २०२३ च्या पाहणीतून दिसलं, आणि त्याच्या उंबरठ्यावर आणखी साडेतेरा कोटी. यातल्या किती घरांत गुळाचा चहा 'चालतो' म्हणून पाजला जातोय?

माप खरंच एवढं महत्त्वाचं आहे का? ब्रिटनने याचा नकळत प्रयोग करून ठेवलाय. १९४० पासून तिथे साखर रेशनवर होती. सप्टेंबर १९५३ मध्ये बंधन उठलं आणि माणशी रोजचा खप ४० ग्रॅमवरून जवळजवळ दुप्पट झाला. २०२४ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासात त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे जन्मलेल्या लोकांची तुलना केली आहे. ज्यांचे गर्भातले दिवस आणि पहिली दोन वर्षं रेशनच्या काळात गेली त्यांना पन्नाशी-साठीत मधुमेहाचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि रक्तदाबाचा सुमारे २० टक्क्यांनी कमी. ती साखर पांढरीच होती. तिच्या जागी कुणी मध आणला नव्हता. ती फक्त कमी होती.

आपल्याकडे ते रेशन माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवेल. कंट्रोलच्या दुकानाची रांग, मळकट कार्ड, जाड कण्यांची किंचित ओली साखर. ऐंशीच्या दशकात माणशी महिना ४२५ ग्रॅम हा सरकारी हिशेब असे. दिवसाला भागा: चौदा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या कडक मर्यादेहूनही कमी! खुल्या बाजारात आणखी मिळायची, पण महाग, म्हणून ती दिवाळीला. कंट्रोलचे दिवस परत यावेत असं मी म्हणत नाही; रांगेतली भांडणं मी विसरलेलो नाही. पण 'आमचे आजोबा रोज गोड खायचे आणि नव्वद वर्षं जगले' असं छाती काढून सांगणाऱ्या जिलेबी-पक्षाने एकदा आजोबांचं रेशनकार्ड काढून बघावं. आजोबा रोज गोड खात नव्हते. श्रीखंड दसऱ्याला व्हायचं, गुळाची पोळी संक्रांतीला, आणि सराफ्याच्या खाऊबाजारातली रबडी पाहुणा आला तर. आज सराफ्यात जाऊन आलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे-जिलेबीपाशी उभा असतो आणि याला परंपरा म्हणतो. जिलेबी आपली अस्मिता, ठीक. पण ती अरबी-फारसी मुलखातून आलेली आहे आणि पोहे बहुधा आपल्यासारखेच नर्मदा ओलांडून. दोन पाहुण्यांची गाठ इंदूरला पडली, छान झालं. त्यांना रोज मुक्कामाला ठेवलंच पाहिजे असं कुठल्या शास्त्रात आहे?

म्हणून माझा दोन्ही पक्षांशी वाद आहे. एक म्हणतो वस्तू बदला, दुसरा म्हणतो काहीच बदलू नका. वाटी लहान करा असं कुणीच म्हणत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही आणि मिरवण्यासारखंही नाही. आपल्या भाषेत ते कधीचंच सांगून ठेवलंय: ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. म्हणीत उसाच्या जातीबद्दल चकार शब्द नाही.

उत्सवात ठरावाप्रमाणे खजुराची बर्फी आली. डब्यावर 'साखरविरहित', आणि तुकडा पेढ्याच्या दुप्पट. पहिल्या दिवशी मी आरतीनंतर ताटापाशीच उभा होतो. एरवी एक पेढा घेऊन 'नको, शुगर आहे' म्हणणाऱ्या तिघांनी दोन-दोन तुकडे उचलले, एकाने घरच्यांसाठी म्हणून आणखी चार रुमालात बांधले. त्याच चौरंगावर पंचामृताचं भांडं होतं, मध आणि साखर दोन्ही घातलेलं. बैठकीतल्या त्या काकांच्या शंकेचं उत्तर कुणीच दिलं नव्हतं. गुरुजी प्रत्येकाच्या तळहातावर पळीभर घालत होते. कुणी दुसऱ्यांदा हात पुढे केला नाही. तसा करतच नाहीत.

विसर्जनानंतर मी कार्यकारिणीला पत्र दिलं. पुढच्या वर्षी प्रसाद गुळाचा, साखरेचा, कशाचाही असू द्या. मोदक तर आपले आधीपासून गुळाचेच आहेत. फक्त आकार सुपारीएवढा ठेवा आणि माणशी एक. उत्तर आलं ते फोनवर, अध्यक्षांचं. म्हणाले, सूचना चांगली आहे, पण लोक म्हणतील मंडळाने हात आखडला. त्यापेक्षा पुढच्या वर्षी आपण मधाचे लाडू करू, मोठे.